शाळेतला मास्क: निर्णय कोणी घ्यायचा?

२०२१ च्या पावसाळ्यात, जवळजवळ दीड वर्षाने शाळा उघडू लागल्या, तेव्हा घरोघरी एकच तयारी चालली होती. दप्तर, डबा, पाण्याची बाटली आणि दोन मास्क. एक तोंडावर, दुसरा दप्तराच्या छोट्या कप्प्यात. सोबत सॅनिटायझरची कुपी आणि आईवडिलांनी सही केलेले संमतिपत्र. आपल्या वाचकांच्या गावांत शाळेचे दार वेगवेगळ्या दिवशी उघडले. वडोदऱ्यात बारावीचे वर्ग १५ जुलैला, इंदूर-ग्वाल्हेरला अकरावी-बारावी २६ जुलैला, बेळगावात नववी ते बारावी २३ ऑगस्टला आणि हैदराबादेत शाळा १ सप्टेंबरला सुरू झाल्या. तारखा वेगळ्या होत्या, पण मास्क सगळीकडे होता. शाळा हवी की नको, यावर घरात वाद झाले असतील. मास्क हवा की नको, यावर फारसे कोणी भांडले नाही.

त्याच दिवसांत अमेरिकेत राहणाऱ्या भावंडांशी, मावशी-काकांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मात्र काही वेगळेच ऐकू येत होते. तिथे शाळेतल्या मास्कवरून मोर्चे निघत होते, सभा उधळल्या जात होत्या, एक सरकार दुसऱ्या सरकारला कोर्टात खेचत होते. गंमत म्हणजे भांडण फक्त मास्क समर्थक आणि मास्क विरोधक यांच्यात नव्हते. खरे भांडण होते ते स्थानिक शाळा मंडळे आणि राज्य सरकारे यांच्यात. गाव म्हणत होते, 'आमच्या शाळेत आम्ही मास्क लावणार.' राज्य म्हणत होते, 'तुम्हाला तो अधिकारच नाही.'

आता ती साथ मागे पडली आहे. आज तरुण आईवडील असलेल्या वाचकांची मुले त्या वेळी पाळण्यात होती किंवा जन्मालाही आली नव्हती. तरीही ही हकीकत समजून घेण्यासारखी आहे. मास्क वाईट की चांगला, एवढाच प्रश्न त्यात नाही. आपल्या मुलाच्या वर्गात कोणता नियम असावा हे ठरवायचे कोणी: राजधानीतल्या सरकारने, गावाच्या सभेने की ज्याच्या त्याच्या आईबापाने? हा प्रश्न पुढच्या साथीत पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा उत्तर द्यायची पाळी आजच्या तरुण पालकांवर असेल.

तिथली शाळा चालवते कोण?

आधी तिथली व्यवस्था थोडी समजून घेऊ. अमेरिकेत साधारण १३ हजार शालेय जिल्हे आहेत. हा जिल्हा म्हणजे आपला कलेक्टरचा जिल्हा नव्हे. कधी तो एका गावापुरता असतो, कधी मोठ्या शहराएवढा. प्रत्येक जिल्ह्याचे एक शाळा मंडळ असते आणि बहुतेक ठिकाणी त्याचे सदस्य मतदानाने निवडून येतात. शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा गावातल्याच घरपट्टीसारख्या करातून येतो, उरलेला राज्य सरकारकडून. मंडळाची सभा सर्वांना खुली असते. कोणीही पालक नाव नोंदवून दोन-तीन मिनिटे बोलू शकतो आणि सदस्यांना ते ऐकून घ्यावे लागते. मंडळाचा नोकर म्हणून एक अधीक्षक रोजचा कारभार बघतो.

वर राज्याचा गव्हर्नर असतो. हा शब्द ऐकून आपल्याला राज्यपाल आठवतात, पण तिथला गव्हर्नर लोकांनी थेट निवडून दिलेला असतो. अधिकाराच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. म्हणजे दोन्हीकडे लोकांनीच निवडलेली माणसे बसलेली. म्हणूनच भांडण अवघड झाले. कोणी कोणाला 'तुम्हाला लोकांनी निवडलेले नाही' असे म्हणू शकत नव्हते.

जुलैचा शेवटचा आठवडा

२०२१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत अनेकांनी साथ संपली असे धरले होते. मोठ्यांना लस मिळाली होती. मग डेल्टा विषाणू आला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ज्याने हाहाकार केला तोच. दक्षिणेकडच्या राज्यांत रुग्णालये पुन्हा भरू लागली, आणि तिथल्या शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडतात. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी तेव्हा लसच नव्हती. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना ती मिळू लागली २ नोव्हेंबरनंतर. म्हणजे प्राथमिक शाळेचा अख्खा वर्ग बिनलसीचा.

१९ जुलैला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितले की दोन वर्षांवरच्या सर्व मुलांनी आणि शिक्षकांनी शाळेत मास्क लावावा. २७ जुलैला सीडीसी, म्हणजे केंद्राच्या रोगनियंत्रण संस्थेनेही तसाच सल्ला दिला. तो सल्ला होता, हुकूम नव्हता. अंमलबजावणी राज्यांवर आणि शाळा मंडळांवर सोडलेली होती.

दोनच दिवसांनी, २९ जुलैला, टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी आदेश काढला की राज्यातल्या कोणत्याही स्थानिक संस्थेने मास्कसक्ती करू नये, केल्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड. ३० जुलैला फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी आदेश दिला की मुलाला मास्क लावायचा की नाही हे पालकच ठरवतील; जे मंडळ ऐकणार नाही त्याचा राज्याकडून येणारा पैसा रोखला जाऊ शकतो.

या बाजूचे म्हणणेही नीट ऐकायला हवे. लहान मूल सहा-सात तास तोंड झाकून बसते, नव्याने बोलायला-वाचायला शिकणाऱ्याला बाईंचे ओठ दिसत नाहीत, कानाने कमी ऐकणाऱ्या मुलाची तर फारच अडचण होते. मुलांना आजार बहुधा सौम्य होतो. मग आपल्या लेकराचे बरेवाईट आईबापाला कळत नाही आणि मंडळाला कळते, असे कसे? हे प्रश्न खोटे नव्हते. ते विचारणाऱ्या सगळ्यांना अडाणी ठरवणे ही मास्कच्या बाजूच्या अनेकांची चूकच झाली.

पगार गेला तरी चालेल

फ्लोरिडाच्या उत्तर भागात अलाचुआ नावाची काउंटी आहे. गेन्सव्हिल हे तिथले मुख्य शहर, फ्लोरिडा विद्यापीठ तिथेच आहे. अलाचुआच्या शाळा मंडळाने ठरवले की शाळा उघडताना पहिले दोन आठवडे सर्वांना मास्क आणि पुढचे पुढे पाहू. नंतर मुदत वाढवली. दक्षिणेकडच्या ब्रोवर्ड काउंटीनेही मास्क कायम ठेवला. तिथे सुमारे अडीच लाख विद्यार्थी, देशातल्या सगळ्यात मोठ्या शालेय जिल्ह्यांपैकी एक.

१७ ऑगस्टला राज्याच्या शिक्षण मंडळाने दोघांनाही नियमभंगाबद्दल दोषी धरले. महिनाअखेरीस राज्याने त्यांचा निधी कापायला सुरुवात केली. कापलेली रक्कम शाळा मंडळाच्या सदस्यांच्या मासिक मानधनाएवढी होती, म्हणजे मुलांच्या पुस्तकांना धक्का न लावता शिक्षा थेट निर्णय घेणाऱ्यांना. यात हिशेब असा असावा की पगार तोडला की माणसे नमतील. ती नमली नाहीत. उलट एकेक करून आणखी मंडळे पुढे आली. सप्टेंबरपर्यंत दहाहून जास्त मंडळांनी मास्कसक्ती केली होती आणि राज्यातले निम्म्याहून अधिक विद्यार्थी त्यांच्या शाळांत होते.

मग केंद्र सरकार मध्ये पडले. ज्या मंडळांचा पैसा राज्य कापेल त्यांना तो केंद्राकडून भरून देण्याची योजना निघाली. पहिले अनुदान सप्टेंबरमध्ये अलाचुआलाच मिळाले, सुमारे १ लाख ४८ हजार डॉलरचे.

दरम्यान काही पालक राज्य सरकारविरुद्ध कोर्टात गेले होते. २७ ऑगस्टला न्यायाधीश जॉन कूपर यांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला. त्यांनी आधार घेतला तो त्याच उन्हाळ्यात फ्लोरिडाने केलेल्या पालकहक्क कायद्याचा. पालकांचा हक्क मोठा आहे, पण तो अमर्याद नाही. योग्य कारण असेल आणि उपाय बेताचा असेल तर शाळा मंडळ आरोग्यासाठी नियम करू शकते, असा त्या निकालाचा सारांश. पालकांच्या हक्कासाठी केलेला कायदाच मंडळांच्या उपयोगी पडला. पण दोन आठवड्यांत, १० सप्टेंबरला, वरच्या कोर्टाने राज्याची बंदी पुन्हा लागू केली. शेवटी १८ नोव्हेंबरला राज्याने कायदाच केला की शाळेत मास्कसक्ती चालणार नाही. तिथे तो विषय संपला.

गणवेशातला मास्क आणि नगरपालिकेचा मास्क

नियमातून वाट काढायचे प्रकारही झाले. टेक्सासमध्ये पॅरिस नावाचे साधारण २५ हजार वस्तीचे गाव आहे. तिथल्या शाळा मंडळाने ऑगस्टमध्ये ठराव केला की मास्क हा यापुढे गणवेशाचा भाग. गव्हर्नरचा आदेश साथीच्या नियमांबद्दल होता. मुलांनी शाळेत काय घालून यावे हे ठरवायचा मंडळाचा जुना अधिकार त्याने काढून घेतलेला नव्हता, असा त्यांचा युक्तिवाद.

साउथ कॅरोलायनाची राजधानी कोलंबिया. तिथे प्रश्न आणखी सरळ होता. राज्याच्या अंदाजपत्रकात एक अट घातलेली होती: राज्याच्या पैशातून कोणत्याही शाळेने मास्कसक्ती करू नये. कोलंबियाचे महापौर स्टीव्ह बेंजामिन आणि त्यांच्या नगर परिषदेने ऑगस्टमध्ये म्हटले, ठीक आहे, राज्याचा पैसा नको. मास्क आम्ही पुरवतो. तपासणीही नगरपालिकेची माणसे करतील, शिक्षकांना त्रास नको. लहान मुलांच्या शाळांपुरता हा नियम होता, म्हणजे ज्यांना लस मिळत नव्हती त्यांच्यासाठी.

राज्याचे ॲटर्नी जनरल ॲलन विल्सन कोर्टात गेले. २ सप्टेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नगरपालिकेचा ठराव रद्द केला. शाळेच्या मुख्याध्यापकाने, शिक्षकाने बोटसुद्धा न हलवता, राज्याचा एक पैसाही न लागता, बाहेरची माणसे येऊन शाळेत नियम चालवतील हे पटण्यासारखे नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल. प्रत्यक्षात शाळेत शिक्षकाशिवाय काही होत नाही, हे कोणीही मान्य करील. पण न्यायालयाने असेही सांगितले की अंदाजपत्रकातली अट शहाणपणाची आहे की नाही हे ठरवणे त्यांचे काम नाही.

यात सगळ्यात अडचणीत सापडली ती आजारी मुले. कॅन्सरचे उपचार चालू असलेले, दम्याचे, प्रतिकारशक्ती कमी असलेले मूल. 'ज्याला हवा त्याने लावावा' हा नियम ऐकायला उदार वाटतो, पण अशा मुलाला आपला मास्क निवडता येतो, शेजारच्या बाकावरच्या मुलाचा नाही. मग त्याच्या आईबापापुढे दोनच मार्ग: धोका पत्करा, नाहीतर मुलाला घरी बसवा. अशाच पालकांनी अपंगांच्या हक्कांच्या केंद्रीय कायद्याखाली दावे लावले. सप्टेंबर २०२१ मध्ये आयोवा आणि साउथ कॅरोलायना या दोन्ही राज्यांत केंद्रीय न्यायाधीशांनी त्यांचे म्हणणे मान्य करून राज्याच्या बंदीला तात्पुरती रोख लावली. पुढे वरच्या कोर्टांनी ते निकाल बदलले किंवा आखडते केले. पण पालकांचा हक्क म्हणताना कोणत्या पालकांचा, हा प्रश्न त्या दाव्यांनी सर्वांसमोर आणला.

मास्कने खरेच किती फरक पडला?

हे विचारल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये सीडीसीने ॲरिझोनातल्या दोन मोठ्या काउंट्यांचा अभ्यास छापला. मास्कचा नियम नसलेल्या शाळांत साथीचा उद्रेक होण्याची शक्यता साडेतीन पट जास्त दिसली. टीकाकार म्हणाले, जिथे मास्क लावतात तिथे लोक लसही जास्त घेतात, इतर काळजीही घेतात, मग श्रेय एकट्या मास्कला कसे? आक्षेप योग्य होता.

पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये अधिक नीट तुलना करता आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या राज्याने सक्ती उठवली. बॉस्टनच्या परिसरातल्या बहुतेक शालेय जिल्ह्यांनी मास्क काढले. बॉस्टन आणि शेजारच्या चेल्सी यांनी काही काळ ठेवले. पंधरा आठवड्यांत, मास्क काढलेल्या जिल्ह्यांत दर हजार विद्यार्थी-कर्मचाऱ्यांमागे सुमारे ४५ रुग्ण जास्त आढळले. दुसरीकडे स्पेनच्या कॅटलोनियात सहा वर्षांपासून मास्कसक्ती होती. तिथे नियमाबाहेरची पाच वर्षांची मुले आणि नियमातली सहा वर्षांची मुले यांची तुलना केली तेव्हा मास्कमुळे फरक पडल्याचे दिसले नाही.

तज्ज्ञांचे वयाबद्दलही एकमत नव्हते. अमेरिकेत दोन वर्षांपासून मास्क सांगितला गेला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले की पाच वर्षे आणि त्याखालच्या मुलांना सक्ती नको, सहा ते अकरा वर्षांपर्यंत परिस्थिती पाहून, बारानंतर मोठ्यांप्रमाणे. भारताच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये जवळपास तेच म्हटले.

म्हणजे थोडक्यात असे: चांगला मास्क नीट लावला तर वर्गातला प्रसार कमी होतो असे मानायला आधार आहे. किती कमी होतो, कोणत्या वयात, किती आठवडे ठेवावा, याचे एकच उत्तर नाही. गावात साथ किती आहे, वर्गाला खिडक्या किती आहेत, एका बाकावर किती मुले बसतात, जवळ दवाखाना आहे का, यावर ते अवलंबून. आणि या गोष्टी जवळ राहणाऱ्यालाच माहीत असतात.

त्याच जुलैत महाराष्ट्रातल्या गावांत

टेक्सास आणि फ्लोरिडाचे आदेश निघाले त्याच महिन्यात महाराष्ट्रात नेमकी उलट दिशेची गोष्ट घडली, आणि तिची आठवण आता कोणी फारशी काढत नाही.

७ जुलै २०२१ ला महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढला की कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करता येतील, पण शाळा उघडायची की नाही हे गाव ठरवील. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव हवा. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती: तलाठी, ग्रामसेवक, वैद्यकीय अधिकारी, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. गावात किमान महिनाभर रुग्ण सापडलेला नसावा. एका बाकावर एक विद्यार्थी, दोन बाकांत सहा फुटांचे अंतर, वर्गात पंधरा-वीस मुले, सर्वांना मास्क. १५ जुलैला साधारण सहा हजार शाळा उघडल्या आणि चार लाखांहून जास्त मुले वर्गात परतली. शहरांत हे काम आयुक्त आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समित्यांकडे गेले, आणि तिथल्या आठवी ते बारावीच्या मुलांना मात्र ४ ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी लागली.

या व्यवस्थेत सगळे गोडच होते असे नाही. अनेक गावांत ठराव करायला सरपंच कचरत होते, कारण उद्या एखादे मूल आजारी पडले तर बोल त्यांनाच लागणार होता. पण याच भीतीत त्या व्यवस्थेचा चांगुलपणाही होता. सही करणारा माणूस रोज सकाळी त्याच रस्त्यावर भेटणारा होता. शंका असलेली आई थेट त्याच्या ओसरीवर जाऊन विचारू शकत होती.

एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. महाराष्ट्रात मास्क लावायचा की नाही हे ठरवायची मोकळीक गावाला नव्हती. ती अट राज्याचीच होती. राज्याने कमीत कमी काय पाळायचे ते सांगितले आणि त्यावर अधिक सावध राहायचे की नाही हे गावावर सोडले. गाव म्हणू शकत होते, 'अजून पंधरा दिवस थांबू.' फ्लोरिडात आणि टेक्सासमध्ये राज्याने जास्तीत जास्त काय करता येईल याची हद्द आखली. तिथे गावाला अधिक सावध राहण्याचीच मनाई झाली. राज्याचा अधिकार दोन्हीकडे वापरला गेला, पण एकीकडे आधार म्हणून, दुसरीकडे अडसर म्हणून.

जवळचे ते नेहमी बरोबर का?

तसे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. कॅलिफोर्नियात राज्यानेच मास्कसक्ती केली होती आणि तिथल्या काही ग्रामीण शाळा मंडळांना ती नको होती. तेव्हा 'गावाला ठरवू द्या' ही घोषणा मास्क विरोधकांच्या तोंडी होती. जानेवारी २०२२ मध्ये व्हर्जिनियाचे नवे गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी मास्क पालकांच्या मर्जीवर सोडला, तर फेअरफॅक्स, रिचमंड यांसह सात शाळा मंडळे त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेली. तेव्हा 'गावाला ठरवू द्या' म्हणणारे मास्कचे समर्थक होते. म्हणजे ज्याला जे हवे ते जिथून मिळेल तिथे तो अधिकार मागतो. हे माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या सभेतही हेच दिसते.

म्हणून स्थानिक की राज्य, एवढेच विचारून भागत नाही. नियम कोणीही करो, आपण चार गोष्टी विचारायला हव्यात.

पहिली, सगळ्यात दुबळ्या मुलाचे काय? नियम बहुसंख्यांच्या सोयीचा असेल, पण आजारी मुलाला शाळा सोडावी लागत असेल तर तो पुन्हा तपासायला हवा.

दुसरी, खर्च कोणाचा? कोलंबियाच्या नगर परिषदेने नियमासोबत मास्कही देऊ केले होते. ज्या घरात तीन मुले आणि एकाची मजुरी, तिथे रोज स्वच्छ मास्क ही लहान गोष्ट नाही. नुसता हुकूम काढून हात झटकणारी संस्था आणि हुकमाबरोबर मास्कचे पाकीट पाठवणारी संस्था, यांत फरक आहे.

तिसरी, ऐकून कोण घेणार? कानाने कमी ऐकणाऱ्या मुलाच्या आईला, गतिमंद मुलाच्या वडिलांना आपली अडचण सांगायला जागा हवी, आणि सवलत द्यायचा अधिकार असलेला माणूस समोर हवा.

चौथी, संपणार कधी? अलाचुआने सुरुवातीला दोन आठवड्यांचीच मुदत घातली, नंतर परिस्थिती पाहून वाढवली. मुदत असलेला नियम लोक सहन करतात. महाराष्ट्रात २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. तोपर्यंत शेवट कधी हे कोणी सांगत नव्हते आणि लोक कंटाळून मास्क हनुवटीवर घेऊन फिरत होते. मुले मोठ्यांचेच पाहून शिकतात.

आपल्या गावातल्या समितीत कोण आहे?

आता आपल्याकडे येऊ. वेगवेगळ्या राज्यांत राहणारी आपली मराठी कुटुंबे निर्णयांच्या बाबतीत थोडी कात्रीत सापडतात. २०२१ मध्ये बेळगाव-निपाणीच्या लोकांना कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआरचा दाखला दाखवावा लागत होता. पलीकडे कागल-कोल्हापूरला एक नियम, अलीकडे दुसरा. सगळे ठरत होते ते बेंगळुरू आणि मुंबईत. इंदूर, वडोदरा, हैदराबाद इथेही मुलांच्या शाळेचे नियम आपण बातम्यांतूनच ऐकत होतो. आपल्याला कोणी विचारले नाही, अशी तक्रार तेव्हा अनेक घरांत झाली.

ही तक्रार अर्धीच खरी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. कर्नाटकात तिला एसडीएमसी म्हणतात, मध्य प्रदेशात शाला प्रबंधन समिती. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण निम्म्या महिला. म्हणजे कागदावर तरी विचारायची व्यवस्था आहे. जिथे ही समिती लागू नाही अशा खाजगी शाळांतही बहुधा पालक-शिक्षक संघ असतो. पण वर्षाची पहिली सभा लागते तेव्हा कार्यालयाची वेळ असते, घरी पाहुणे असतात, आणि शेवटी 'तुम्हीच नाव घाला आमचे' असे सांगून आपण मोकळे होतो. मग साथ येते, पूर येतो, शाळेची इमारत धोकादायक ठरते, आणि निर्णय दुसरेच कोणी तरी घेते.

अलाचुआच्या सदस्यांकडे मोठी सत्ता नव्हती. ते हरलेही. पण शाळा उघडताना, लस नसलेल्या मुलांसाठी सगळ्यात धोक्याचे जे आठवडे होते, त्यांत त्यांच्या शाळांत मास्क होता. तो ठेवण्यासाठी त्यांनी आपले मानधन पणाला लावले आणि शिव्या देणाऱ्या पालकांसमोर बसून सभा चालवल्या. त्यांचा निर्णय चूक होता असे म्हणणारे आजही तिथे आहेत. पण निर्णय कोणी घेतला आणि जाब कोणाला विचारायचा, हे त्या गावातल्या प्रत्येकाला माहीत होते.

पुढची साथ कधी येईल, तिच्यात मास्क लागेल की आणखी काही, हे सांगता येत नाही. पण तुमच्या मुलाच्या शाळेच्या समितीत आज कोण आहे, तिची पुढची सभा कधी आहे, आणि आजारी मुलासाठी सवलत मागायची तर अर्ज कोणाकडे द्यायचा, हे या आठवड्यात विचारून घेता येईल. आपल्या मंडळातल्या दोन-तीन तरुण आईवडिलांनी तरी आपल्या भागातल्या शाळेच्या समितीवर जायचे मनावर घ्यावे. सभेला जाताना एक वही सोबत न्यावी आणि वर लिहिलेले चार प्रश्न पहिल्याच पानावर उतरवून ठेवावेत.